चाटूनपुसून आलेला डबा

मुलीचा शाळेचा डबा मी करतो. हे वाक्य मी जितक्या लोकांना ऐकवलंय तितक्यांना माझं नावही ठाऊक नसेल. लिफ्टमध्ये भेटलेला एखादा माणूस "आज पाऊस येईलसं वाटतंय" एवढंच म्हणायचा. त्यावर मी "हो ना, सकाळी डबा भरतानाच वाटलं होतं" असं उत्तर द्यायचो. मग तो बिचारा विचारायचा, "डबा तुम्ही भरता?" आणि त्याचा मजला येईपर्यंत मी त्याला नाचणीतलं कॅल्शियम समजावून सांगायचो. आमच्या घरातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या डबे भरले, नवऱ्यांचे भरले, पोरांचे भरले, पण त्यांतल्या एकीनंही लिफ्टमध्ये भाषण ठोकलं नाही. अर्थात आमच्या गिरगावातल्या इमारतीला लिफ्टच नव्हती, हेही खरं.

ती इमारत पुनर्विकासाला गेली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. नवी उभी राहीपर्यंत आम्ही करी रोडला एका टॉवरमध्ये भाड्यानं राहायला आलो. बायको परळच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे, तिला हे सोयीचं. मी हिशेब तपासणारा माणूस, आठवड्यातले बरेचसे दिवस घरूनच काम करतो, मला सगळीकडे सारखंच. आईला नव्या गॅलरीतून समुद्राची एक चिंधी दिसते. "एवढासाच?" म्हणून ती रोज नाक मुरडते आणि रोज बघते. गैरसोय झाली ती आमच्या लेकीची. ती तिसरीत होती आणि तिची शाळा बदलली.

लेक मुळातच अबोल. गिरगावात तिला बोलायची गरजच पडली नव्हती. तिथल्या मैत्रिणी बालवर्गापासूनच्या, त्यातल्या दोघी तर आमच्याच जिन्यावरच्या. हिच्या वतीनं त्याच बोलायच्या, त्याच भांडायच्या, हिला तहान लागली तर पाणीही त्याच मागायच्या. दादरच्या नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी तिनं माझ्या शर्टाचं टोक जे धरलं ते सोडेना. शेवटी बाई आल्या आणि त्यांनी तिचं एकेक बोट सोडवलं. ही पोर इथे रमली नाही तर काय, हीच एक काळजी त्या दिवसांत मला होती. आणि काळजी वाटली की मी जे करतो तेच मी केलं. तक्ता बनवला.

डबा छान असला की मूल शाळेत रमतं, असा माझा सिद्धान्त होता. त्याला आधार काहीच नव्हता, पण तक्त्याला रंग फार छान दिले होते. सोमवारी कडधान्य, मंगळवारी भरड धान्य, बुधवारी पालेभाजी, असा तो आठवडा फ्रिजच्या दारावर लटकला. तोवर डबा आई करायची. तुपगुळाचा पोळीचा लाडू, फोडणीचा भात, फार तर शिरा. मी तिला या कामातून सन्मानानं निवृत्त केलं.

"कर बाबा, कर," आई म्हणाली. "उत्साह आहे तोवर उरकून घे."

बायको मी उठायच्या बेतात असतानाच घराबाहेर पडते, त्यामुळे सकाळी ओट्यावर माझंच राज्य. बिटाच्या पुऱ्या मी साच्यानं चांदणीच्या आकारात कापल्या. चांदणी फुगत नाही, हे तळल्यावर कळलं. नाचणीच्या धिरड्याला गाजराचे डोळे आणि टोमॅटोचं तोंड लावलं. लेक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, ह्याला बरं नाहीये का?" मुगाचं थालीपीठ, दुधीचे मुटके, राजगिऱ्याच्या वड्या, पालकाची हिरवी इडली, काही म्हणजे काही मी सोडलं नाही. प्रत्येक डब्याचा मी फोटो काढायचो. थालीपीठ गार झालं तरी चालेल, पण उजेड चांगला पाहिजे, म्हणून एकदा डबा घेऊन गॅलरीत गेलो तर कावळ्यानं मुटका उचलला.

फोटो जायचे वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर. ग्रुपवर बहुतेक आयाच होत्या आणि त्यांच्या तक्रारी ठरलेल्या. आमचा अर्धा डबा तसाच परत येतो. आमच्याकडे भाजी परत येते, पोळी दुसरंच कोणीतरी खातं. आमची तर घरी येऊन सांगते, मला एकच घास मिळाला. या रडगाण्यात मी एका संध्याकाळी माझ्या लेकीच्या रिकाम्या डब्याचा फोटो टाकला. आत भाजीचा डागसुद्धा नव्हता, धुवायला टाकायची लाज वाटावी इतका लख्ख. खाली मी लिहिलं, "रोज असाच येतो." कोणीतरी नमस्काराची चित्रं टाकली, एकीनं धिरड्याची कृती मागितली. ती मी इतकी सविस्तर लिहिली की ग्रुपवर दोन दिवस शुकशुकाट होता.

आईनं तो लख्ख डबा सिंकमधून उचलून उलटासुलटा करून पाहिला.

"रोज एवढा चाटूनपुसून संपवते ही?"

"रोज!" मी म्हणालो. माझी छाती तेव्हा ॲप्रनमध्ये मावत नव्हती.

"मग शेजारच्या पोरीला काय देते? तुझा डबा तुला कधी मिळायचाच नाही. तुझी टोळी आधी हात मारायची. मी तुला दोन डबे द्यायचे, एक तुझा, एक टोळीचा. तरी घरी येऊन आधी डबे हुडकायचास."

"आई, तुमच्या वेळी पोषणाचा असा विचारच नव्हता," मी म्हणालो. स्वतःच्या आईला, तिनं पोसलेल्या देहानं, असं मी म्हणालो.

मग पालकसभा आली. वर्गातल्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन मी बसलो आणि डब्याविषयी बाई काय म्हणतात याची वाट पाहू लागलो. गणित, मराठी, परिसर अभ्यास, सगळं होऊन गेलं. मला राहवेना.

"डबा खाते ना नीट?" मी अगदी साळसूदपणे विचारलं.

"खाण्याची अज्जिबात तक्रार नाही," बाई म्हणाल्या. "उलट वर्गात सगळ्यात आधी तिचाच संपतो. मधली सुट्टी झाली की पाच मिनिटांत डबा बंद. मग बसून राहते, शांत."

मी कृतार्थपणे मान डोलावली. अजून डोलावत होतो, तेवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, "बाकीच्या मुली गोल करून बसतात, त्यांचं एकमेकींच्या डब्यात चालू असतं. ही खिडकीपाशी असते. मी दोन-तीनदा गोलात नेऊन बसवलं, पण तिचं खाऊन झालेलंच असतं. मग ती उठते. वेळ लागतो हो नव्या मुलांना. तुम्ही काळजी करू नका."

माझी मान थांबली. त्या आया रोज ज्याची तक्रार करत होत्या, तो डागाळलेला, अर्धवट, दुसऱ्यांनीच खाल्लेला डबा हीच तर रमलेल्या पोरीची खूण होती. आणि मी माझ्या लेकीच्या एकटेपणाचा फोटो काढून, चांगल्या उजेडात, ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, रोज असाच येतो. मला त्या बुटक्या बाकावरून उठताही येईना.

परत येताना ती स्कूटरवर माझ्यामागे बसली होती. समोरासमोर मला विचारता आलं नसतं. हिंदमात्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी पुढे बघतच म्हणालो, "डबा एवढा भरभर का खातेस गं? कोणाला देत नाहीस?"

माझ्या पाठीला बोलल्यासारखं ती म्हणाली, "कोणी मागत नाही."

"म्हणून संपवून टाकतेस?"

"संपला की मग असं दिसत नाही ना, की कोणी घेतलं नाही."

सिग्नल सुटला. मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्न मारून मारून मला शुद्धीवर आणलं. हेल्मेट घातलेलं असलं की डोळे पुसता येत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं.

शहाण्या बापानं यानंतर काय केलं असतं? थोडं थांबला असता. मी नवा तक्ता बनवला. आता माझं ध्येय एकच, कोणीतरी चोरून खावा असा डबा करायचा. नाचणीला रजा दिली आणि चीज आणलं. पास्ता झाला, छोटे छोटे सँडविच झाले, बटाट्याच्या भाजीला दोन्ही बाजूंनी चीज फासून त्याला फ्रँकी म्हणून झालं. पोषण गेलं खड्ड्यात. डबा उघडताना वास सगळ्या वर्गात गेला पाहिजे म्हणून मी एकदा लसणीचा पाव दिला. डबा लख्ख परत आला.

"तू विचारायचं ना, कोणाला हवंय का म्हणून," मी शिकवलं.

"असं नाही विचारत, बाबा," ती म्हणाली, जसं काही मी तिला रस्त्यात नाचायला सांगितलं होतं.

मग मी मोठा डबा आणला. तर्क असा, की एवढं सगळं एकटीला संपणारच नाही, मग कोणाला तरी द्यावंच लागेल. तिनं तो आख्खा एकटीनं संपवला आणि रात्रभर पोट धरून बसली. बायकोनं तिला ओवा दिला, मग स्वयंपाकघरात येऊन तक्त्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तू डबा देतोयस का माल खपवतोयस?" ती म्हणाली. "तिला मैत्रीण पाहिजे, गिऱ्हाईक नको."

"मग तू सांग काय करायचं."

"मला माहीत असतं तर मी केलं नसतं का?" असं म्हणून ती तिथेच स्टुलावर बसली, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. रोज लाखमोलाची निदानं करणारी बाई, पण घरच्या दुखण्यावर आम्ही दोघंही सारखेच अडाणी होतो.

अशात श्रावण लागला. श्रावणी सोमवारी आमच्याकडे वालाचं बिरडं असतं. त्यासाठी वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. हे सोलणं आदल्या संध्याकाळी, घरातल्या सगळ्यांनी एका परातीभोवती बसून करायचं असतं. दाणा बोटांत धरून दाबला की सालातून सुटतो. जरा तिरका दाबला तर असा सुटतो की समोरच्यानं सांभाळावं. आमची लेक चार वर्षांची असल्यापासून यात तरबेज आहे. आजीच्या चष्म्याची डावी काच हे तिचं लाडकं निशाण. एरवी तोंडातून शब्द न काढणारी ही पोर परातीभोवती खिदळत असते. न सोललेल्या वालाचं बिरडं आमच्यात आजवर कोणी केल्याचं ऐकिवात नाही. सालासकट वाल खाणं म्हणजे शेंगदाणे टरफलासकट खाण्यातलाच प्रकार.

त्या शनिवारी आई ठाण्याला मावशीकडे गेली. जाताना वालांची पुरचुंडी दाखवून म्हणाली, "रविवारी सोलून ठेवा." बायकोची रविवारी ड्यूटी होती. मी विसरलो. सोमवारी पहाटे ओट्यावर आलो तर फडक्यातून मोड बाहेर डोकावून माझ्याकडे बघत होते. तक्त्यावर लिहिलं होतं, सोमवार, कडधान्य. घरात दुसरं काही नव्हतं. सोलायला तासभर लागला असता आणि शाळेला निघायला तेवढा वेळ नव्हता. अशा वेळी माझ्यासारख्या चार पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या मदतीला विज्ञान धावून येतं. सालात फायबर असतं! आपले पूर्वज उगाचच सोलत बसले. मी वालांना सालासकट एक वाफ दिली, वर मीठ, लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर घातली आणि त्या मोठ्या डब्यात गच्च भरले. दुसरा डबा घासलेला नव्हता. फोटो काढायचं मी केव्हाच सोडलं होतं.

साडेअकराच्या सुमाराला ग्रुपवर बाईंचा निरोप आला. "आज मधल्या सुट्टीत वर्गात कडधान्य उडवण्यात आलं आहे. संबंधित पालकांनी न्यायला येताना भेटावं." खाली लगेच आयांची रांग लागली. कोणाचा डबा? कसलं कडधान्य? आमचा नाही, आम्ही आज पराठा दिलाय. मी खुर्चीत गार पडलो. सालं चावली नसणार, म्हणून ती सोलत बसली असणार, दाणा उडाला असणार, कोणाला तरी लागला असणार. आधीच एकटी, त्यात आता वर्गभर बोलणी खाल्लेली. हे सगळं सालातल्या फायबरनं केलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं, "माझा." हा त्या ग्रुपवरचा माझा सगळ्यात छोटा निरोप.

शाळा सुटायच्या आधीच मी फाटकाशी हजर होतो. बाई बाहेर आल्या. चेहरा कडक होता, पण खांद्यावर, साडीच्या पदराला, वालाचं एक साल चिकटलेलं होतं.

"सॉरी, बाई," मी सुरुवात केली. "चूक माझी आहे. सोलायचे राहिले."

"ती नेहमीसारखी खिडकीशी बसून एकेक सोलत होती," बाई म्हणाल्या. "त्यातला एक उडाला तो गोलात बसलेल्या एकीच्या गालावर. मला वाटलं, झालं, आता भांडण. ती मुलगी उठली, हिच्या बाकाशी गेली आणि म्हणाली, कसा उडवलास, दाखव ना. मग काय, एकेक करत सगळ्याच तिथे. तुमची लेक त्यांना बोटं कशी धरायची ते शिकवत होती. मी तिचा एवढा मोठा आवाज आज पहिल्यांदा ऐकला."

"तुम्ही ओरडला असाल."

"ओरडले ना. ओरडावं लागतंच." बाईंनी पदरावरचं साल काढलं आणि बोटात धरून पाहिलं. "फक्त जरा उशिरा ओरडले. उद्यापासून सोलून द्या. पंख्यावर एक दाणा अजून तसाच आहे."

घंटा झाली. मुलींचा लोंढा बाहेर आला आणि त्यात माझी लेक पळत होती. रोज ती सगळ्यांत शेवटी, भिंतीच्या कडेकडेनं यायची. ती थेट माझ्यावर येऊन आदळली.

"बाबा, भूक लागलीय! खूप!"

"का गं? डबा?"

"मला मिळालाच नाही! त्या सगळ्या सोलून सोलून खात होत्या. मी शिकवत बसले, मला एकच घास मिळाला." ती अगदी रागावली होती. "हे बरोबर नाही ना, बाबा?"

मी डबा उघडला. आत एकही दाणा नव्हता. सालांचा ओला खच पडला होता, मध्ये कोणाच्या तरी पराठ्याचा तुकडा होता, एका कोपऱ्याला जॅम लागलं होतं, आणि आमच्या घरचा नसलेला एक गुलाबी चमचा त्यात रुतलेला होता. इतका घाणेरडा डबा मी जन्मात पाहिला नव्हता. पोटचं पोर उपाशी आहे हे ऐकून बापाला आनंद व्हावा, असं कधी होईल यावर माझा विश्वास बसला नसता. मला झाला. फाटकापाशी, सगळ्या आयांसमोर, हातात सालांचा डबा धरून मी हसत होतो आणि रडतही होतो, आणि या वेळी हेल्मेटही घातलेलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या गाडीवरून मी तिला वडापाव घेऊन दिला. मैद्याचा पाव, तेलात तळलेला बटाटा, वर श्रावणी सोमवारी लसणीची चटणी. तक्त्यातल्या एकाही रकान्यात तो बसला नसता आणि आईला तर कळताच कामा नये. लेकीनं पहिला घास घेतला न घेतला, तोच मागून दोन वेण्यांची एक मुलगी आली. गालावर हात ठेवून म्हणाली, "इथे लागला होता, काका, अजून दुखतंय," आणि काही न विचारता तिनं लेकीच्या हातातल्या वडापावाचा चांगला मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"बाबा, बघ ना! हिनं वडाच जास्त घेतला," लेक ओरडली. "मला अजून एक घे."

गाडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कढईत वडे तयार होते आणि माझा हात खिशात होता. मी दुसरा घेतला नाही.